सर माझ्यावर बसायला तयार नव्हते

मित्रांनो, लोक माझ्याकडे एकदा बघतात आणि लगेच नजर दुसरीकडे वळवतात. लहान मुले तेवढी टक लावून बघतात, मग त्यांच्या आया त्यांचा हात ओढतात. तुम्ही खुशाल बघा. मी चाकांची खुर्ची आहे. व्हीलचेअर म्हणतात ती. वय झाले आहे, बैठकीला दोन ठिकाणी ठिगळे आहेत आणि सध्या कॅनडातल्या ब्रॉसार्ड गावी एका मराठी घराच्या पुढच्या दाराशी माझा मुक्काम आहे. माझ्या गोष्टीत एक माणूस हरवतो, पण घाबरू नका, तो सापडतो. सगळे सुखरूप आहेत. म्हणून तर इतक्या निवांतपणे सांगते आहे.

माझा जन्म ऑन्टारिओतल्या एका कारखान्यात झाला. स्टीलच्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि त्यावर निळ्या रेक्झिनची बैठक ताणून बसवली. मागे दोन मोठी चाके, पुढे दोन लहान. तयार झाल्यावर चष्मा लावलेल्या एका बाईने मला रिकामीच ढकलून पाहिले आणि ती म्हणाली, "सरळ चालते." आयुष्यातली पहिली शाबासकी ती. अजून लक्षात आहे.

तिथून मी विनिपेगच्या एका इस्पितळात गेले. पंधरा वर्षे मी त्या लांबच लांब बोळांतून फिरले. एक्स-रेला जाणारे, ऑपरेशनहून येणारे, रडणारे, गप्प बसणारे, सगळे माझ्या मांडीवर बसून गेले. पण मला सगळ्यात आवडायच्या त्या घरी निघालेल्या बाळंतिणी. तिकडे रीत आहे, की आईने बाळाला कुशीत घ्यायचे आणि दोघांना खुर्चीत बसवून दारातल्या गाडीपर्यंत सोडायचे. किती बाळांची जगातली पहिली सफर माझ्यावर झाली, कोण जाणे. ती बाळे आता कॉलेजात नाहीतर नोकरीत असतील. मी त्यांना ओळखणार नाही, तीही मला ओळखणार नाहीत.

मग इस्पितळात हलक्या वजनाच्या नव्या खुर्च्या आल्या आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडले. तिथे मला उन्मेष भेटला. अमरावतीचा हा मुलगा विनिपेगला शिकायला आला होता. दारापुढचा बर्फ फावड्याने काढताना तो घसरून पडला आणि त्याचा घोटा मोडला. त्याचा रूममेट स्वानंद मला दुकानातून घेऊन आला. त्या हिवाळ्यात स्वानंदने उन्मेषला माझ्यावर बसवून बर्फातून वर्गापर्यंत ढकलत नेले. दोघे वाटभर भांडायचे आणि वाटभर हसायचे. घोटा जुळला, पण उन्मेषने मला टाकले नाही. नोकरी लागली, पुण्याच्या चैत्रालीशी लग्न झाले, मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला घर घेतले, आणि मी त्याच्याबरोबर तिथपर्यंत आले.

आले खरी, पण थेट बेसमेंटमध्ये. एका बाजूला विंटर टायर्स, दुसऱ्या बाजूला न वापरलेली सायकल. माझ्या बैठकीवर गणपतीचे मखर ठेवलेले असायचे. वर्षातून दहा दिवस ते मखर वर जायचे, तेवढे दहा दिवस मी मोकळी. तेल नाही, पाणी नाही, डाव्या ब्रेकला गंज धरू लागला. मी रागावले नाही. नुसती वाट बघत राहिले. वाट बघणे आम्हा खुर्च्यांना चांगले जमते.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी दिवा लागला, मखर बाजूला झाले आणि उन्मेष ओल्या फडक्याने मला पुसू लागला. त्याने चाकांत हवा भरली. ब्रेककडे मात्र त्याने पाहिले नाही.

"बाबांसाठी काढतोय," तो चैत्रालीला म्हणाला. "क्वेबेकला सगळे चढ-उतार आहेत. त्यांच्याच्यानं होणार नाही."

"त्यांना विचारलंस का?" चैत्रालीने विचारले.

"विचारलं तर नाही म्हणतील. गाडीत टाकून ठेवू."

उन्मेषचे बाबा म्हणजे बळवंत सर. अमरावतीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला. नुसता पुस्तकातून नव्हे. दर थंडीत शाळेतल्या मुलांना घेऊन ते गाविलगड आणि नरनाळा किल्ल्यांवर जायचे, कमानीखाली उभे करून दगडाला हात लावायला सांगायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या गुडघ्याने दोन वर्षांपूर्वी असहकार पुकारला होता आणि मधुमेह त्याहून जुना होता. ते आणि उन्मेषची आई छायाबाई, दोघे पहिल्यांदाच कॅनडाला आले होते.

क्वेबेक शहराची कल्पना उन्मेषचीच. चारशे वर्षांपूर्वी वसलेले गाव, आणि त्याभोवतीचा तट अजून उभा आहे. मेक्सिकोच्या वर असा तट राखलेले दुसरे गाव नाही. हे ऐकल्यावर सरांना रात्री नीट झोप लागली नाही म्हणे. पण निघायच्या सकाळी गाडीच्या डिकीत मी दिसले आणि ते थबकले.

"ही कोणासाठी?"

"असू द्या बाबा, सोबत. लागली तर."

"गड पाहायला खुर्चीत बसून जायचं? मी काय पालखीतला देव आहे?" ते म्हणाले आणि काठी टेकत पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी डिकीत घडी होऊन पडले. अडीच तास मला फक्त आवाज ऐकू येत होते. छायाबाई नदीला पाहून "बाप्पा, केवढं पाणी!" म्हणाल्या. दहा वर्षांची ऊर्मी, उन्मेषची मुलगी, आजोबांना मागून प्रश्न विचारत होती. ती इंग्रजीत विचारायची, सर मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचे व्यवस्थित चालले होते.

"आबा, व्हाय डू दे नीड अ वॉल इफ दे हॅव अ क्लिफ?"

"कारण एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला सपाट मैदान आहे. शत्रू नेहमी सोप्या बाजूनं येतो, ऊर्मी."

क्वेबेकमध्ये दोन गावे आहेत, एक वरचे आणि एक खालचे. खाली नदीकाठी दगडी घरांच्या अरुंद गल्ल्या, वर कड्यावर तट आणि मोठमोठ्या इमारती. पहिल्या दिवशी आम्ही खालच्या गल्ल्यांत होतो. प्रत्येक खिडकीत लाल फुले होती. एका चौकात कुणी बाई व्हायोलिन वाजवत होती, भाजणाऱ्या पावाचा वास येत होता. सर काठी टेकत चालत होते. दहा पावले चालायचे, थांबायचे, एखाद्या भिंतीकडे फार लक्षपूर्वक पाहायचे. पहिल्या काही भिंती त्यांनी खरोखरच पाहिल्या. पुढच्या भिंतींशी ते फक्त दम खायला थांबत होते. त्यांच्या मागे उन्मेष मला रिकामी ढकलत होता. पण रिकामी तरी किती वेळ राहणार? आधी ऊर्मीचे जॅकेट माझ्यावर आले, मग पाण्याच्या बाटल्या, मग छायाबाईंची पिशवी, चैत्रालीने घेतलेले साबण, थेपल्यांचा डबा. दुपारपर्यंत मी सामानाची हातगाडी झाले होते. सर वळून वळून माझ्याकडे पाहत होते. मला वाटले, बसायची इच्छा होते आहे. माझे चुकले होते, ते मला नंतर कळले.

रुळांवरून कड्यावर चढणाऱ्या डब्यातून आम्ही वर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. नदीकडे तोंड करून लांबलचक लाकडी सज्जा आहे. तिथे सर बाकावर बसले ते उठेनात. तट अजून दहा मिनिटांवर होता.

"बाबा, प्लीज बसा ना खुर्चीत," उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सकाळपासून आपण दोन गल्ल्या पाहिल्या. ऊर्मी कंटाळली, आई दमली. सगळ्यांचा दिवस वाया चाललाय."

"उन्मेष," चैत्राली हळूच म्हणाली.

सरांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. ते म्हणाले, "उद्या तुम्ही धबधब्याला जा. मी रूमवर बसतो. सामानाजवळ."

शेवटचा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की छायाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. तटाकडे कुणीच गेले नाही.

आमचा मुक्काम तटाच्या आतल्या बाजूला एका छोट्या हॉटेलात होता. जिन्याखाली मला घडी करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी. बळवंत सर खाली आले. अंगात स्वेटर, पायात बूट, डोक्यावर ऊर्मीची निळी टोपी. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! मला वाटले, आता हे बसणार. पण नाही. त्यांनी मला उघडले, काठी माझ्या बैठकीवर आडवी ठेवली, मागच्या दोन्ही मुठी धरल्या आणि स्वतःच मला ढकलत रस्त्यावर आणले. त्यांना माझ्या पाठीचा आधार हवा होता, मांडीचा नाही. म्हटले, तसे तर तसे. मी हळूहळू चालू लागले.

त्यांच्या मागे घाई करणारे कुणी नव्हते. ऊन नुकतेच दगडांवर आले होते. सँ-लुई दरवाजाच्या कमानीखाली ते पाच मिनिटे उभे राहिले आणि त्यांनी दगडाला तळहात लावला. "हा दरवाजा नंतर बांधलेला आहे," ते स्वतःशीच, किंवा मला, म्हणाले. "तट जुना. हे बघ, दगडाचा रंग बदलला." मग आम्ही तटाला लागून जाणाऱ्या रस्त्याने निघालो. तो रस्ता उताराचा आहे. सर बोलत होते. तटावरून पहारेकरी फिरायचे ती वाट त्यांनी मला दाखवली, तोफेसाठी सोडलेल्या खाचा दाखवल्या. तीस वर्षे जसे मुलांना सांगितले असेल तसेच. मी अशी सहल कधी केली नव्हती.

अर्धा रस्ता झाला आणि त्यांचे बोलणे थांबले. माझ्या मुठींवरचे हात ओले झाले होते आणि थरथरत होते. उठल्यावर त्यांनी सवयीने मधुमेहाची सकाळची गोळी घेतली होती, पण पोटात काही नव्हते. फोन खोलीत चार्जिंगला होता. अर्ध्या तासात परत येऊ, तोवर कुणी उठणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी मला उतारावर थांबवले, कसेबसे दोन्ही ब्रेक लावले, आणि मग, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून, ते माझ्यावर बसले.

ज्या क्षणाची मी वाट पाहत होते, तो आला तो असा. उजवा ब्रेक धरून राहिला. डावा घसरला. मी एका बाजूला फिरले आणि फूटपाथच्या कडेकडे सरकू लागले. खाली रस्त्यावर पावाची एक गाडी रिव्हर्समध्ये मागे येत होती. सरांनी पाय टेकवायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यात जोर नव्हता. काठी खाली पडली. मी तीस वर्षांत कुणाला पाडले नव्हते.

तेवढ्यात माझ्या चाकापुढे लाकडाची एक पाचर ठक्कन आली आणि मी थांबले. पाचर धरणारा हात चुन्याने पांढरा झाला होता. तटाच्या त्या भागाची दुरुस्ती चालू होती आणि एक पिकल्या मिशांचा गवंडी कामावर लवकर आला होता. त्याच्या कोटावर नाव शिवले होते, रेजां.

"सा व्हा, मोस्यू?" त्याने वाकून विचारले. बरे आहात ना, असा त्याचा अर्थ.

सरांना फ्रेंच येत नाही, रेजांला इंग्रजी जेमतेम. सरांचे ओठ पांढरे पडले होते. "शुगर," ते म्हणाले. "शुगर लो."

"सुक्र?" रेजांने विचारले. "सुक्र?"

"हो! साखर! साखर!"

साखर शब्द ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तो धावत जाऊन आपला डबा घेऊन आला. त्यात तपकिरी रंगाच्या चौकोनी वड्या होत्या. मेपलचा पाक आणि साय आटवून तिकडच्या घरोघरी करतात त्या. सरांनी एक खाल्ली, मग दुसरी. रेजांने थर्मासमधली कॉफी पाजली आणि त्यांचे मनगट धरून तो तिथेच उकिडवा बसून राहिला. दहा मिनिटांनी सरांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी तिसरी वडी हातात घेऊन नीट पाहिली आणि म्हणाले, "ही तर बर्फी आहे."

"बर्फी," रेजां म्हणाला. त्याला तो शब्द आवडलेला दिसला.

तिकडे हॉटेलात काय झाले ते मला नंतर गाडीत ऐकायला मिळाले. छायाबाईंना जाग आली तर शेजारी सर नाहीत. बाथरूममध्ये नाहीत, खाली चहाला नाहीत. फोन खोलीतच. उन्मेष धावत सज्ज्याकडे गेला, कारण काल बाबा तिथे रुसून बसले होते. सज्जा कड्यावर आहे, खाली खोल नदी आहे, आणि काल आपण काय बोललो हे त्याला आठवत होते. त्याच्या मनात काय काय आले ते त्याने कुणाला सांगितले नाही. ऊर्मीने मात्र जिन्याखाली डोकावून पाहिले.

"मॉम, द चेअर इज गॉन टू," ती म्हणाली. "ही वेंट टू द वॉल. ऑब्व्हियसली."

चैत्रालीने उन्मेषला फोन केला आणि सगळे तटाकडे धावत सुटले.

उन्मेष आधी पोहोचला. त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, शर्टाची बटणे वरखाली लागली होती. त्याला दिसले ते असे: बाबा व्हीलचेअरमध्ये आरामात बसले आहेत, डोक्यावर निळी टोपी, हातात काठी. पुढे वाकून काठीच्या टोकाला बांधलेल्या गवंड्याच्या खडूने ते फूटपाथवर गाविलगडाच्या भिंतीचा आडवा छेद काढून दाखवत आहेत. आणि एक अनोळखी माणूस गुडघ्यावर बसून मान हलवतो आहे, मधेच "नो, नो" म्हणून स्वतः दुसरी रेघ काढतो आहे.

उन्मेष चालत जवळ आला. मग तो म्हणाला, "बाबा, चहा झाला का तुमचा?"

"कॉफी झाली," सर म्हणाले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी काठी खाली ठेवली. "उन्मेष, बस. आधी खाली बस तू."

तो फूटपाथवरच बसला, माझ्या चाकाला टेकून. त्याची पाठ हलत होती, ते मला जाणवत होते. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तोवर छायाबाई धापा टाकत आल्या. "मले काहून नाही उठवलं?" त्या ओरडल्या. "चाळीस-पन्नास वर्सं झाली लग्नाला, अन् परदेशात मले न सांगता निघून जाता? जीव राहिला नाही माझ्यात!" डोळ्यांना पदर लावता लावता त्यांना खडूची ती चित्रे दिसली. "अन् इथंबी शाळाच!" असे म्हणून त्या रडत होत्या तशाच हसायला लागल्या. रेजांने घाईघाईने डबा त्यांच्यापुढे धरला.

"बर्फी, मादाम," तो म्हणाला.

सगळ्यांनी एक एक वडी खाल्ली. रेजांने पाना आणला, माझा डावा ब्रेक उघडला, गंज खरवडला, तेल सोडले आणि आवळून दिला. कित्येक वर्षांनी कुणी माझ्या सांध्यांकडे पाहिले. तो काहीच घेईना. शेवटी उन्मेषने त्याला दोन्ही हातांनी धरून आभार मानले, आणि तो लाजून कामाला लागला.

मग सर बोलले. कुणी विचारले नव्हते तरी बोलले.

"माझ्या वर्गात जयंती नावाची मुलगी होती. पोलिओ झालेली. मुलगी फार हुशार. दरवर्षी ती सहलीला यायची, आणि दरवर्षी मी तिला गडाच्या पायथ्याशी बसवायचो. सामानाजवळ. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतोय. तिनं एकदा विचारलं, 'सर, वर काय आहे?' मी म्हटलं, 'काही विशेष नाही, नुसते दगड.'" त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला. "काल या खुर्चीत तुम्ही पिशव्या ठेवल्या. मी बसलो की मलाही पायथ्याशी ठेवाल, असं वाटलं. नुसते दगड आहेत, म्हणाल."

ऊर्मीला सगळे मराठी समजले होते की नाही कोण जाणे, पण ती माझ्यामागे आली आणि तिने मुठी धरल्या. मग सोडल्या आणि पुढे येऊन विचारले, "आबा, कॅन आय पुश? व्हेअर डू यू वॉन्ट टू गो?"

सरांनी तिच्याकडे पाहिले. "आधी तो पुढचा दरवाजा," ते म्हणाले. "मी थांब म्हटलं की थांबायचं. मी सांगेन ते ऐकायचं. आणि सामान तुझ्या बापाच्या पाठीवर."

तो दिवस आणि पुढचा दिवस, मित्रांनो, माझ्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. आम्ही सँ-जाँ दरवाजा पाहिला, तोफा पाहिल्या. सर पुढे, बाकीचे मागे, असे सहलीचे स्वरूप आले. मोंमोरांसीचा धबधबा नायगऱ्याहून उंच आहे. आम्ही तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेलो आणि धबधब्याच्या अगदी माथ्यावरून जाणाऱ्या झुलत्या पुलावर आलो. खाली पाणी कोसळत होते, माझ्या नळ्या थरथरत होत्या. छायाबाईंनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. सर मात्र पुलाच्या मधोमध "थांब" म्हणाले आणि आम्ही सगळे तुषारांनी ओले होईपर्यंत थांबलो. सँत-आनच्या मोठ्या चर्चमध्ये खांबांवर जुन्या कुबड्या आणि काठ्या लावल्या आहेत. बरे झालेले लोक त्या तिथे सोडून गेले. उन्मेषने हळूच विचारले, "बाबा, काठी ठेवायची का?" सर म्हणाले, "नको रे. आणि खुर्ची तर मुळीच नको, कालच तर सापडली आहे." मी त्या कुबड्यांकडे पाहिले. थकलेल्या होत्या, पण अभिमानाने लटकत होत्या.

त्या पहिल्या सकाळीच, तटापासून निघताना, सरांनी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून जयंतीचा नंबर काढायला लावला होता. उन्मेषच्या फोनवरून त्यांनी तिला आवाजी निरोप पाठवला. काय बोलले ते मी सांगत नाही, ते त्या दोघांचे आहे. शेवटी एवढेच म्हणाले, "वर बरंच काही होतं, जयंती. मी तुला खोटं सांगितलं."

उत्तर दुपारी आले. आम्ही नदीतल्या ऑर्लेआँ बेटावर स्ट्रॉबेरीच्या शेतात होतो. ऊर्मीने बोटे लाल करून घेतली होती, सर माझ्यावर बसून टोपलीतली फळे निवडत होते. उन्मेषने फोन त्यांच्या कानाशी धरला, पण आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. अकोल्याच्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाईचा ठसठशीत आवाज.

"सर! अहो, किती वर्षं हे मनात ठेवलंत? मी नोकरीला लागले त्याच वर्षी भावाची जीप काढून नरनाळ्याला गेले. वरपर्यंत. मग मुलांना घेऊन पुन्हा गेले. कुणी सांगितलं नाही तुम्हाला? आणि तुमच्या सामानाजवळ मी एकटी नव्हते बसत, सर. तिथे तुमचा डबा असायचा. काकूंच्या हातच्या लाडवांना दर वर्षी गळती लागायची ती कोणामुळे, असं वाटलं?"

सरांचे खांदे हलू लागले आणि माझी बैठकही हलू लागली. ते हसत होते. इतके, की चष्मा काढून पुसावा लागला.

"मी तुमाले म्हणत नव्हती?" छायाबाई म्हणाल्या. "लाडू कमी भरतात!"

खूप वर्षे पाठीवर बांधलेले ओझे कुणी उतरवून ठेवले, की माणूस हलका होतो. बसलेल्या माणसाचे वजन मला कळते, तो माझा धंदाच आहे. त्या शेतात सरांचे वजन खरोखर कमी झाले.

ऑक्टोबरात सर आणि छायाबाई अमरावतीला परतले. मला पुन्हा बेसमेंटमध्ये नेले नाही. चैत्रालीने नवे रेक्झिन आणले आहे, अजून बसवायचे आहे. ब्रॉसार्डच्या मराठी लोकांमध्ये उन्मेषने कळवून ठेवले आहे, ज्याला लागेल त्याने न्यावी. परवा नीलिमाकाकू मला न्यायला येणार आहेत. त्यांचे यजमान मिलिंदकाका यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे आणि त्यांना मुलाच्या पदवीदान समारंभाला जायचे आहे.

मित्रांनो, जाता जाता दोन शब्द सांगते. तुमच्या घरात माळ्यावर किंवा तळघरात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला बाहेर काढा. चाकांत हवा भरा, ब्रेक दाबून बघा, दोन थेंब तेल सोडा. ती तुम्हाला लागत नसेल तर ज्याला लागते त्याला द्या. वापरात असलेली खुर्ची लवकर म्हातारी होत नाही. आणि तिच्यात कुणी बसलेले दिसले, तर मागून मुठी धरून त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका. समोर या, थोडे वाका, आणि त्यांनाच विचारा, "कुठे जायचंय?"